वाळवीचा पंचनामा

१

चिंचोडीच्या जिल्हा परिषद शाळेतली पुस्तकांची खोली उघडली, तेव्हा दारात आम्ही तिघं होतो. मुख्याध्यापक वैजनाथ सर, खिचडी शिजवणाऱ्या केवळाबाई आणि मी. शाळा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात मोफत पुस्तकं द्यायची असा सरकारचा नियम आहे. आमच्याकडची बरीच मुलं ज्या घरांतून येतात, तिथे जून महिन्यात बियाणं आणि पुस्तकं यांतलं एकच काहीतरी विकत आणता येतं.

सरांनी कुलूप काढलं, दार ढकललं. आत अंधार होता.

"अरेरे! वाळवी लागली की हो," ते म्हणाले. "सगळं गेलं."

केवळाबाईंनी आत जाऊन खिडकी उघडली, तेव्हा आम्हांलाही दिसलं. भिंतीलगतची गठ्ठ्यांची रास ढासळली होती. तिच्यावर वाळक्या मातीचा पापुद्रा होता. मुखपृष्ठं नाहीशी झाली होती आणि उरलेली पानं हात लावताच तुटत होती. खोलीत जुन्या कागदाचा कुबट वास कोंडला होता.

सर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. त्यांनी बॅगेतून दोन कागद काढले. एक पंचनामा होता, दुसरा केवळाबाईंचा जबाब. तो लिहून तयार होता. किल्ली माझ्याकडे होती, मी पुस्तकं जमिनीवर ठेवली, लक्ष दिलं नाही, नुकसान माझ्यामुळे झालं, असा.

"मावशी, अंगठा लावा. चूक कबूल केली की मी वर बोलून सांभाळून घेतो. न्हाई तर चोरीची केस व्हायची. खिचडीचं काम तर जाईलच."

केवळाबाई आणि त्यांची नात तनुजा, दोघींचं घर त्या कामावर चालत होतं. सरांना ते माहीत होतं.

"मी अंगठा लावत नसते, सर," केवळाबाई म्हणाल्या. "मला सही येते. आन् ह्याच्यावर मी सही करत नसते." त्यांनी कागदाची घडी घालून ती कमरेला खोचली.

"मग पुस्तकं काय हवेनं खाल्ली?"

"ते मला काय माहीत? मी खाल्ली न्हाईत."

सरांनी पंचनाम्याचा कागद माझ्यापुढे धरला. "मॅडम, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. नवी मागणी पाठवून देऊ. दिवाळीपर्यंत येतील पुस्तकं."

"उद्या करते," मी कागद घेत म्हणाले. "आधी बघू द्या."

"वाळवीत काय बघायचंय?"

"नांदेडला एमेस्सी करताना दोन वर्षं कीटकच बघत होते, सर. वाळवी लागली म्हणताय, तर वाळवी बघायला हवी."

२

वाळवी मला दिसली नाही.

मी रास वरून खालपर्यंत उपसली. पापुद्रे फोडले, आतली भुयारं उघडली. एकही जिवंत किडा नव्हता. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही. ती जमिनीतून मातीचा बोगदा बांधत येते आणि त्याच बोगद्यातून परत जाते. खाऊन झालं म्हणून सामान उचलून निघून गेली, असं होत नाही. तिचा रस्ता मागे राहतो.

मी रस्ता शोधला. खाली शहाबादी फरशी होती, सांधे सिमेंटनं भरलेले. भिंतींना सुट्टीतच नवा रंग दिलेला. गावातले आडते महांतेश अण्णा यांनी शाळेला तो स्वखर्चानं दिला होता आणि पेपरात फोटोही आला होता. पिवळ्या रंगावर मातीची एक रेघ नव्हती. छपराच्या वाशांवरही नव्हती.

मग मी पापुद्र्याचा एक तुकडा पेल्यातल्या पाण्यात टाकला. दुसऱ्या पेल्यात शाळेच्या अंगणातली माती टाकली. दोन्ही ढवळले आणि थांबले. अंगणातली माती तळाशी काळी बसली. शाळेच्या बाजूची गावातली सगळी जमीन काळी आहे, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दुसऱ्या पेल्याचा तळ विटेसारखा तांबडा झाला.

वाळवी जिथली असते तिथलीच माती वापरते. ही पुस्तकं खाल्ली गेली होती, पण या खोलीत नाही. तांबड्या मातीवर.

चिंचोडीत तांबडी माती एकाच ठिकाणी आहे. उदगीर रस्त्याला लागलं की चढ लागतो, त्याच्या वरचा माळ. त्या माळावर महांतेश अण्णांची शाळा आहे. स्वयंअर्थसहाय्यित. पाठ्यपुस्तकं तिथेही तीच, पण त्या शाळेला ती सरकारकडून फुकट मिळत नाहीत, पालकांना विकत घ्यावी लागतात.

पण माती काही साक्ष देत नाही. कोणीही म्हणेल, कुठून तरी उडून आली. मी पुन्हा राशीकडे वळले आणि एका विज्ञानाच्या पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग उघडला. पानांच्या मध्ये काहीतरी चपटं, तपकिरी होतं.

विद्येची डहाळी होती ती. माझ्या वर्गाच्या दाराशी ते झाड आहे. पुस्तकात ठेवली की विद्या येते म्हणून पोरं ती तोडून नेतात आणि मी दरवर्षी त्यांना रागावते. डहाळीच्या देठाला हिरवा धागा गुंडाळलेला होता.

नव्या, कधीच न वाटलेल्या पुस्तकात कुठल्या पोरानं विद्या ठेवली?

३

केवळाबाई खिचडीच्या शेडमध्ये पातेली घासत होत्या. शाळा उद्या, तर चूल उद्या. काम जाणार असल्याचं त्यांच्या हातांना कोणी सांगितलं नसावं.

मी डहाळी त्यांच्या पुढे धरली.

त्यांनी हात पदराला पुसले. "ही तनुजाची हाय. धागा माझ्या गोधडीचा. मीच बांधून दिली होती तिला, सहावीत असताना." त्या थोडं हसल्या. "उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सरांनी पुस्तकं परत घेतली ना, तवा ही आतच ऱ्हायली. लई रडली होती पोरगी. तुम्हाला कुठं सापडली?"

गेल्या वर्षी वापरलेली पुस्तकं सरांनी मुलांकडून परत गोळा केली होती, पुन्हा वापरायची म्हणून. आत कुजलेली रास त्या जुन्या पुस्तकांची होती. मग नवी पुस्तकं आली होती की नव्हती?

"मावशी, यंदाची पुस्तकं आली, तेव्हा तुम्ही होतात?"

"हाव. भुजंगच्या टेम्पोतनं मीच उतरून घेतली. बाकांवर रचून ठेवली, जमिनीवर न्हाई. सर लिहितेत जमिनीवर म्हणून."

"मग पुढे काय केलं?"

मघाशी सरांपुढे जी बाई एक पाऊल मागे सरकली नव्हती, तिची नजर आता पातेल्यात होती.

"मावशी?"

"तुम्ही रागावसाल. विद्येच्या झाडावरनं रागावता तशा."

"नाही रागावत."

"सरांनी बजावलं होतं, गठ्ठ्याला हात लावायचा न्हाई, सुतळी सोडायची न्हाई. मी सोडली." त्यांनी आवाज खाली आणला. "ज्वारीच्या कोठीत आपण लिंबाचा पाला घालतो का न्हाई? तसा घातला. एकेका पुस्तकात, मधोमध. दुपार गेली माझी. पुन्हा गठ्ठे बांधून ठेवले, कुणाला कळलं न्हाई. म्हणून मी म्हणून राहिले, बाई, इतका पाला घातला तरी वाळवी लागली कशी? माझंच काही चुकलं का? त्या विचारानं सकाळपासून डोकं फिरलंय. पण सही मी करत नसते. चुकलं तर पाल्याचं चुकलं."

कडुलिंबाच्या सुक्या पाल्यानं वाळवी थांबते, असं मी कधीच म्हणणार नाही. पण मघाशी मी ती रास पान न् पान उपसली होती. विद्येच्या डहाळ्या दोन-चार निघाल्या. कडुलिंबाचा एक कणही निघाला नव्हता.

"मावशी," मी म्हणाले, "पाल्याचं काही चुकलं नाही. तुमची पुस्तकं वाळवीनं खाल्लीच नाहीत. ती कुठेतरी आहेत."

४

मी आधी वैजनाथ सरांना विचारलं. सहज विचारावं तसं.

"सर, गेल्या वर्षी गोळा केलेली जुनी पुस्तकं कुठे आहेत? उद्या निदान ती तरी वाटू."

सरांनी चष्मा काढून पुसला. "ती तालुक्याला पाठवली की. भुजंगच्या टेम्पोतनं."

"आणि सुट्टीत या खोलीची किल्ली?"

"एक माझ्याकडं, एक मावशीकडं. रंगाऱ्यांना लागली तवा मी माझी दिली. मॅडम, तुम्ही अजून तरुण आहात. सरकारी कामात इतकं खोलात जात नसतेत."

भुजंग स्टँडजवळच्या हॉटेलात पोहे खात होता. गावात काहीही हरवलं की आधी त्याचं नाव निघतं, कारण परतीच्या फेरीला तो रद्दी आणि भंगार भरतो. मला बघून त्यानं बशी खाली ठेवली.

"आलात? मला वाटलंच होतं. पुस्तकं गेली म्हणजे भुजंग्यानं रद्दीत घातली. म्हणा, मॅडम, म्हणून टाका."

"मी तसं म्हणत नाही. यंदाची पुस्तकं तू आणलीस, मावशींनी उतरवून घेतली. मला गेल्या वर्षीचं सांग. जुनी पुस्तकं तू तालुक्याला नेलीस?"

"कोण म्हणलं?"

"सर म्हणाले."

भुजंग हसला. मग हसणं थांबवून त्यानं हॉटेलवाल्याकडे बघितलं, तो आत गेल्यावर बोलला. "सरच पुढं बसले होते टेम्पोत. माळाला घेतला टेम्पो. अण्णांच्या शाळेमागं पत्र्याचं शेड हाय, तिथं उतरवा म्हणाले, शाळेत जागा न्हाई म्हणून. भुईवरच टाकली. मी म्हणलं बी, सर, वाळवी लागंल. तर म्हणले, लागू दे, जुनीच हायत."

"हे तू सगळ्यांपुढे सांगशील?"

"अण्णाचं भाडं मारतो मी, मॅडम." त्यानं पोह्यांत चमचा फिरवला. "बघू. आधी तुम्ही बोला. तुम्ही मागं सरला न्हाईत तर मी सांगतो."

बाहेर पडताना स्टँडच्या भिंतीवरचा नवा बोर्ड मी पहिल्यांदा नीट वाचला. *माळावरील शाळेत प्रवेश घेणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांस संपूर्ण पुस्तकसंच मोफत. उद्या सकाळी वाटप. हस्ते: केंद्रप्रमुख विरूपाक्ष साहेब.*

आमच्या शाळेत उद्या पुस्तकं नसणार होती. माळावर फुकट मिळणार होती. पालक कुठे जातील, हे कळायला प्राणिशास्त्र लागत नाही. आणि आमच्या शाळेचा पट अजून थोडा घसरला की ती दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन होणार, ही चर्चा गेलं वर्षभर चालूच होती.

५

सकाळी मी आणि केवळाबाई चढ चढून माळावर गेलो. पाऊस झाला नव्हता. चपलांना तांबडी धूळ लागत होती.

मांडवात आमच्याच शाळेतल्या मुलांचे आईबाप बसले होते. टेबलावर पुस्तकांचे संच लाल रिबिनीनं बांधून मांडलेले. महांतेश अण्णा कपाळावर भस्माचे पट्टे आणि खांद्यावर शाल घेऊन उभे होते. त्यांच्या शेजारी विरूपाक्ष साहेब आणि साहेबांच्या शेजारी वैजनाथ सर. स्वतःच्या शाळेच्या पहिल्या दिवशी आमचे मुख्याध्यापक इथे होते.

"या, अक्का, या!" अण्णांनी लांबूनच हात जोडून लिंगायतांच्या रीतीनं नमस्कार केला. "शरणार्थी. मावशीला बी आणलंत? चहा घ्या आधी."

"चहा नंतर, अण्णा. साहेबांशी बोलायचंय. ही पुस्तकं आमच्या शाळेची आहेत."

मांडवातल्या माना आमच्याकडे वळल्या. अण्णांचा चेहरा मात्र हसराच राहिला.

"पुस्तकं सगळीकडं सारखीच छापतेत, अक्का. तुमची वाळवीनं खाल्ली. माझी मी विकत आणली. गरिबाच्या लेकराला पुस्तक देणं गुन्हा हाय का?"

"देणं गुन्हा नाही. कुणाची देता, ते विचारतेय."

"मॅडम," विरूपाक्ष साहेब म्हणाले, "आरोप करायचा तर पुरावा लागतो."

"पुरावा तुमच्या हातात आहे, साहेब. त्या संचाची रिबीन अजून सुटलेली नाही. उघडायच्या आधी मी सांगते. प्रत्येक पुस्तकात, मधोमध, कडुलिंबाचा पाला आहे. चुकले तर या पंचनाम्यावर मी इथेच सही करते."

"आन् माझ्या कागदावर मी," केवळाबाई म्हणाल्या. त्यांनी तो घडी घातलेला जबाब कमरेतून काढून टेबलावर ठेवला. "काम सोडते, चोर म्हणवून घेते."

मी त्यांच्याकडे बघितलं. हे आमचं ठरलं नव्हतं.

साहेबांनी रिबीन सोडली. वरचं पुस्तक घेतलं, अंगठ्यानं पानं फर्रकन सोडली. काहीच पडलं नाही. अजून एकदा सोडली. काही नाही. मागे कोणीतरी हसलं. अण्णांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, साहेब. बायकांचं मनावर घ्यायचं न्हाई."

"साहेब, तसं न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "पुस्तक टेबलावर ठेवा. मधोमध उघडा. पार शिवणीपर्यंत दाबा."

साहेबांनी पुस्तक ठेवलं, उघडलं, तळहातानं दाबलं. शिवणीच्या खाचेत, कागदाला चिकटून, कडुलिंबाची बारीक करवती कडांची पानं ओळीनं चपटी झाली होती. हिरवी राहिली नव्हती, पण ओळखू येत होती.

साहेबांनी दुसरं उघडलं. मग तिसरं. तोवर पुढच्या रांगेतली एक बाई उठली, तिनं आपल्या लेकराला मिळणाऱ्या संचाची रिबीन ओढली. "हाय की गं! ह्याच्यात बी हाय!" मग कुणी कुणाला विचारलं नाही. मांडवभर रिबिनी सुटत होत्या आणि मांड्यांवर पुस्तकं दाबली जात होती.

"झाडाचा पाला हाय तो," अण्णा म्हणाले. "उडून पडला आसंल."

"बांधलेल्या गठ्ठ्यात? प्रत्येक पुस्तकात? शिवणीतच?" मी म्हणाले. "आणि आमच्या खोलीत सापडलेल्या पुस्तकांत मात्र एकही पान नाही. त्यांत मुलांनी ठेवलेल्या विद्येच्या डहाळ्या आहेत, कारण ती गेल्या वर्षीची, वापरलेली पुस्तकं आहेत. त्यांच्यावरची माती तांबडी आहे. या माळाची. तुमच्या रंगाऱ्यांना खोलीची किल्ली मिळाली होती, अण्णा. जाताना नवी गेली, येताना जुनी आली."

"जुनी पुस्तकं माझ्याकडं कुठनं येणार?"

"मी आणून टाकली," मांडवाच्या मागून आवाज आला. भुजंग टेम्पोच्या फळीवर उभा होता. "तुमच्या शेडात. सर माझ्या बाजूला बसले होते. उद्यापासनं भाडं देऊ नका, अण्णा. चालंल."

सगळे वैजनाथ सरांकडे बघू लागले. मी तोवर त्यांच्याशी बोलले नव्हते.

"सर, काल तुम्ही दार उघडलंत आणि लगेच वाळवी म्हणालात. खिडकी बंद होती. मावशींनी ती उघडेपर्यंत मला काहीच दिसलं नव्हतं. तुम्हांला कसं दिसलं? आणि मावशींचा जबाब खोली उघडायच्या आधीच कसा लिहून झाला?"

सर खुर्चीत बसले. "पुढच्या वर्षी रिटायर होतोय," ते हळू म्हणाले. "अण्णांनी इथं बसवतो म्हणलं होतं. आपली शाळा तशी बी बंदच व्हायची होती, मॅडम. आज न्हाई तर उद्या."

"ती बंद व्हायची व्हती का तुम्ही करून राहिला व्हता?" केवळाबाईंनी विचारलं. टेबलावरचा आपला कागद उचलून त्यांनी तो सरांच्या मांडीवर ठेवला. "घ्या. सही तुम्ही करा."

६

विरूपाक्ष साहेब वाईट माणूस नव्हते. ते कार्यालयीन माणूस होते. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "रीतसर चौकशी होईल. तोपर्यंत ही सगळी पुस्तकं मुद्देमाल आहे. सील करून तालुक्याला जमा करावी लागतील."

"चौकशी कधी संपेल?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"म्हंजे दिवाळी," केवळाबाई म्हणाल्या.

या क्षणाचा मी विचारच केला नव्हता. चोर सापडेल इथवरच माझा विचार गेला होता. चोर सापडला आणि पुस्तकं पुन्हा कुलपात जायला निघाली. तेच कुलूप, फक्त सरकारी.

"साहेब, पुरावा पुस्तकातला पाला आहे," मी म्हणाले. "तो नष्ट होऊ नये, एवढंच तुम्हांला हवंय ना? तो मुलांच्या दप्तरात राहील. प्रत्येक मुलाचं नाव घालून मी पुस्तक देते. जेव्हा पाहिजे तेव्हा या, वर्गात बसा, एकेक दप्तर उघडून बघा."

"असा नियम नाही, मॅडम."

"पहिल्या दिवशी पुस्तक द्यायचा नियम आहे."

"आणि काही झालं तर?"

"माझ्यावर लिहून घ्या."

साहेबांनी पेन काढलं नाही. त्यांनी अण्णांकडे बघितलं, मग मांडवाकडे. तिथे आता कोणीच बसलेलं नव्हतं. आयांनी पुस्तकं डोक्यावर घेतली होती, बापांनी खांद्यावर. उरलेले संच भुजंग टेम्पोत भरत होता. रिबिनी तांबड्या मातीत पडल्या होत्या. साहेबांना अडवायचं असतं तर सगळ्या गावाला अडवावं लागलं असतं.

उतरताना कोणी घोषणा दिली नाही. शाळेत पोचलो, तेव्हा केवळाबाई आधी चुलीकडे गेल्या, मग आठवण होऊन परत आल्या आणि घंटा वाजवली. आज ती वाजवायला दुसरं कोणी नव्हतं.

मी वर्गावर्गात जाऊन पुस्तकं वाटली. सातवीच्या वर्गात तनुजाला तिची डहाळी परत दिली. तिनं ती नव्या विज्ञानात ठेवली, पाल्याच्या शेजारी. त्या दिवशी मी रागावले नाही.

"नीट ऐका," मी मुलांना सांगितलं. "मधला पाला काढायचा नाही, उडवायचा नाही. चौकशीला साहेब येतील, त्यांना दाखवायचा आहे."

मागच्या बाकावरच्या शिवांशनं हात वर केला. "मॅडम, चौकशी होईपर्यंत पुस्तक आमच्याजवळच ना?"

केवळाबाई खिचडीचा डाव हातात घेऊन दारात आल्या होत्या.

"होईपर्यंत कशाला रे?" त्या म्हणाल्या. "तुझंच हाय ते. नाव घाल."